‘काढून टाका, गाडी मोकळी होते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या मोटरसायकलींबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, सार तेच. कंपनी म्हणे गाडी मुद्दाम दाबून ठेवते, आपण फक्त तिला मोकळं करायचं. एका किकमध्ये सुरू होणारी जुनी गाडी घ्या, एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) काढून कार्बोरेटरला सुटा फिल्टर लावा, सायलेन्सर पोकळ करा, मागची फ्रेम कापून बसकी सीट टाका, हँडल खाली घ्या, जाड टायर चढवा, नको त्या वायरी उडवा. चार सुट्ट्या आणि घरातली हत्यारं, की झाली कॅफे रेसर (शर्यतीच्या थाटाची, हलकी, बसकी गाडी) तयार.

यातलं एक मला मान्य आहे: हे काम घरी होऊ शकतं. कार्बोरेटरची, हवेवर थंड होणारी, एका सिलिंडरची जुनी गाडी शिकायला उत्तम. सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. माझं भांडण आहे ते ‘फक्त काढा’ या सल्ल्याशी. गाडीतला प्रत्येक भाग शेजारच्या भागाचा हिशोब धरून बसवलेला असतो. एक उचलला की दुसऱ्याचा हिशोब चुकतो, आणि ही चूक फोटोत दिसत नाही.

पहिला मुद्दा, ‘एका किकमध्ये सुरू होते म्हणजे इंजिन चांगलं’. गाडी सुरू झाली म्हणजे प्लगला ठिणगी येते, पेट्रोल पोचतं आणि कामापुरतं कॉम्प्रेशन आहे, एवढंच कळलं. त्यातही गाडी बघायला जाल तेव्हा आधी इंजिनला हात लावून पाहा. कोमट लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी ते सुरू करून ठेवलंय, आणि गार इंजिनाच्या तक्रारी तुम्हाला दिसणार नाहीत. खरी तपासणी थोडी वेगळी. प्लग काढून त्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारायच्या. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. जागचा हलला नाही तर संशय व्हॉल्ववर किंवा हेड गॅस्केटवर.

टॅपेटचा (व्हॉल्व उघडणाऱ्या भागाचा) आवाज येत नाही म्हणून खूश होणारेही बरेच. वाजणारा टॅपेट परवडतो, अजिबात न वाजणारा तपासावा. एक्झॉस्ट व्हॉल्व आपली बरीचशी उष्णता सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकला असतानाच हेडला देतो. टॅपेटला फटच उरली नसेल तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व पुरता टेकत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही आणि त्याची कड जळते. लहान इंजिनांत ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ती कानाने ठरवायची गोष्ट नव्हे. इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पट्टी जरा ओढून घेत सरकेल इतकी ठेवायची.

आता एअरबॉक्स. या सगळ्या यादीत सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

‘हवा जास्त आली की ताकद वाढते’ हे अर्धंच वाक्य आहे. हवा वाढली तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवं. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पूर्ण ताकद काढायची तेव्हा इंजिनला याहून जाड मिश्रण, म्हणजे साडेबारा-तेराच्या आसपासचं प्रमाण द्यावं लागतं. जादाचं पेट्रोल आतला भाग थंड ठेवायलाही मदत करतं. फिल्टर बदलला आणि कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोट्या) तेच ठेवले, तर भरधाव गाडीत मिश्रण पातळ होतं. गाडी हलकी पळाल्यासारखी वाटते, आवाज भारी येतो, आणि आत पिस्टनचा माथा तापत असतो.

त्यात कार्बोरेटर व्हॅक्यूमवर स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) उचलणारा असेल तर आणखी एक भानगड. त्या स्लाइडच्या डायफ्रॅमखाली (रबरी पडद्याखाली) हवेचा दाब पोचवणारी बारीक छिद्रं बऱ्याच कार्बोरेटरांत तोंडाच्या कडेलाच असतात. सुट्या फिल्टरचं रबर जाड असलं की ती नेमकी झाकली जातात. मग स्लाइड नीट उचलली जात नाही, आणि मधल्या वेगात गाडी अडखळते. लोक जेट बदलून बदलून थकतात, दोष रबराच्या ओठात असतो. एअरबॉक्सची पोकळी आणि त्याच्या नळीची लांबी हवेच्या लाटांचा विचार करून ठरवलेली असते. तो नुसता प्लॅस्टिकचा डबा नाही. बाजूने वारा आला तरी कार्बोरेटरच्या तोंडाशी दाब स्थिर ठेवायचं कामही तो करतो.

मग सुटा फिल्टर लावूच नये? लावा. पण सोबत मेन जेट (भरधाव वेगासाठीचा), पायलट जेट (संथ वेगासाठीचा) आणि नीडलची (मधल्या वेगासाठीच्या सुईची) उंची नव्याने बसवायची तयारी ठेवा, आणि प्लग वाचायला शिका. नवा प्लग लावून मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर थोडं अंतर जायचं, मग क्लच दाबून लगेच इंजिन बंद करायचं, प्लग काढायचा. टोकाकडचा रंग बघून फार काही कळत नाही. भिंग घेऊन आत बघायचं, जिथे पांढरं पोर्सेलीन लोखंडी कवचात शिरतं त्या तळाशी. तिथे काजळीचं बारीक कडं दिसलं तर मेन जेट ठिकाणाच्या जवळपास आहे. कडं दिसतच नसेल, सगळं चुन्यासारखं पांढरं असेल, तर मिश्रण पातळ. आणि पोर्सेलीनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक चमकते ठिपके दिसले तर गाडी ढकलत घरी न्या. इंजिन आतून ठोके खातंय, आणि ते ठिपके बहुधा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत.

फ्युएल इंजेक्शनवाले म्हणतात, आमची गाडी स्वतःच जुळवून घेते. काही मर्यादेपर्यंत घेते. ऑक्सिजन सेन्सरवरची दुरुस्ती मुख्यतः संथ, एकसारख्या वेगात चालते. पूर्ण ॲक्सिलरेटरवर बऱ्याच गाड्या आधी भरून ठेवलेल्या आकड्यांवरच पळतात, आणि ते आकडे जुन्या एअरबॉक्सचे असतात.

‘सायलेन्सर पोकळ केला की पिकअप वाढतो.’ टू-स्ट्रोकच्या बाबतीत हे सपशेल उलट आहे. त्या इंजिनात एक्झॉस्टचं दार ताजं मिश्रण आत येत असतानाही उघडं असतं, त्यामुळे थोडं मिश्रण जळण्याआधीच बाहेर पळतं. मधे फुगून पुढे निमुळता होणारा पाइप नेमक्या वेळी दाबाची लाट परत पाठवतो आणि पळालेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी ही गोष्ट इतकी पुढे नेली की १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं रेसिंग इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. म्हणजे लिटरला २०० हॉर्सपॉवर, तेही सुपरचार्जर न लावता. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेत गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकला. ज्या ज्ञानासाठी इतकं घडलं, त्यातला मोठा भाग पाइपच्या आकाराचा होता. आणि आपण सळई घालून तो पोकळ करायला निघालो.

फोर-स्ट्रोकमध्ये परिणाम इतका टोकाचा नसतो, पण लाटांचा खेळ तिथेही आहे. आतल्या जाळ्या काढल्यावर मधल्या वेगातली ओढ अनेकदा कमीच होते, आणि रोजची गाडी तर त्याच वेगात चालते. आवाज वाढतो म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते, दुसरं काही नाही. शेजाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, ते स्वतः बोलतील.

‘मागची फ्रेम फक्त सीटसाठी असते, कापा.’ कुठे कापता यावर सगळं अवलंबून आहे. दोन शॉकअपच्या जुन्या गाडीत शॉकअपचा वरचा बोल्ट जिथे बसतो तिथपर्यंतचा भाग मागच्या चाकाचे धक्के झेलतो. त्याच्या मागची नळी सीट, मडगार्ड आणि मागे बसणाऱ्याचं वजन पेलते. तिथे कापणं शक्य आहे. पण मागची आडवी नळी दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवते, ती गेली की दोन्ही टोकं वेगवेगळी पिळतात. म्हणून कापल्यावर तिथे पुन्हा कमान जोडावीच लागते. नळ्या टोकाला टोक लावून वरून डाग देणं पुरेसं नाही. आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालतात, बाहेरच्या नळीला भोकं पाडून त्यातून आतला तुकडा वेल्ड करतात, मग सांधा भरतात. हात बसलेला नसेल तर हे एक काम वेल्डरला द्यावं, त्यात कमीपणा नाही. वेल्डिंगआधी बॅटरी, रेक्टिफायर आणि असेल तर ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) सुटे करायचे.

बसकी सीट लावण्याआधी आणखी एक गोष्ट करायची, जी त्या मजकुरात कधीच नसते. शॉकअपच्या स्प्रिंगा काढून ते नुसते बसवायचे आणि जॅकने मागचं चाक वर न्यायचं, शॉकअप पूर्ण दाबला जाईपर्यंत. आता टायर आणि सीटच्या बुडामध्ये किती जागा उरली ते बघायचं. गाडी स्टँडवर असताना हातभर दिसणारी जागा इथे कधीकधी बोटभरही उरत नाही. खड्ड्यात टायर सीटला घासला तर काय होईल हे सांगायला नको.

कॅफे रेसरच्या नावाने हे सगळं खपवतात, म्हणून जरा इतिहास. १९६० च्या आसपास इंग्लंडमधल्या पोरांची आवडती गाडी होती ट्रायटन: ट्रायम्फचं इंजिन, नॉर्टनची फेदरबेड फ्रेम. ती फ्रेम बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी बनवली आणि नॉर्टनच्या रेसिंग गाड्यांवर १९५० मध्ये आली. ट्रायम्फचं इंजिन जोरकस, नॉर्टनची फ्रेम वळणात स्थिर, म्हणून दोन्ही एकत्र आणली. वजन त्यांनीही कमी केलं, पण आधी चांगली फ्रेम शोधली.

हँडल खाली घेण्यात फारसं वावगं नाही. मात्र फोर्क चिमट्यातून वर सरकवून गाडीचं नाक खाली आणलं तर ट्रेल (हँडलच्या दांड्याची रेषा रस्त्याला भेटते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो. रस्त्यावरच्या अनेक गाड्यांत तो ९० ते ११० मिलिमीटरच्या घरात असतो, आणि सरळ रस्त्यावर हँडल शांत राहतं ते त्याच्यामुळे. त्यातून कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) जुना आणि खाचा पडलेला असेल तर खरं कारण शोधता शोधता दमछाक होते. म्हणून कोनसेट आधी बदला.

‘जाड टायर म्हणजे जास्त पकड.’ रिमची रुंदी तीच ठेवून जाड टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि गोलाई टोकदार होते. मग वळणात रस्त्याला टेकणारा भाग बनवणाऱ्याने ठरवला होता तसा राहत नाही. शिवाय त्याच वेगात तेच वळण घ्यायला जाड टायरची गाडी जास्त झुकवावी लागते. चेन टायरला घासते ती वेगळीच. टायर बनवणारे प्रत्येक मापासोबत रिमची योग्य रुंदी देतात, ती बघितली की वाद मिटतो.

वायरींबद्दल थोडक्यात. ‘बॅटरी उडवा, किकची गाडी आहे’ म्हणतात. मॅग्नेटोची (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाची) वीज इंजिनच्या वेगाबरोबर चढते, रेग्युलेटर-रेक्टिफायर तिला आवर घालतो आणि बॅटरी उरलेले चढउतार गिळते. बॅटरी काढायचीच तर तिच्या जागी योग्य कपॅसिटर लागतो, नाहीतर बल्ब आणि सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जातात. पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हापावसात सुटतो. आणि फ्यूज निवडताना वायर किती करंट सोसते ते बघायचं, वारंवार उडतो म्हणून मोठा टाकायचा नाही. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर लुकलुकू लागले तर जुन्या फ्लॅशरला भार कमी पडतोय, फ्लॅशर बदला.

त्या मजकुरात ब्रेकचं नावही नाही, हे मला सर्वांत खटकतं. जुन्या गाडीतलं ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं ओलावा पीत बसलेलं असतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, पाणी प्यायलेल्याची हीच मर्यादा १५५ वर येते. उताराला ब्रेक दाबून दाबून ते उकळलं की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही. आकडा मोठा म्हणून डॉट ५ टाकायचं नाही. ते सिलिकॉनचं असतं आणि ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळत नाही.

राहिली ‘घरातली हत्यारं’. जुन्या जपानी गाड्यांच्या इंजिन कव्हरवरचे स्क्रू दिसतात फिलिप्ससारखे, पण ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात, पुष्कळदा डोक्यावर एक बारीक टिंबही असतं. घरचा स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि खाच गोल होते. जेआयएस टोक आणि हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला की तेच स्क्रू मुकाट सुटतात. बसवताना टॉर्क पाना वापरा: ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच मागतो, आणि ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवण्याशिवाय गत्यंतर नाही.

चार सुट्ट्यांत गाडी होते म्हणणारे बहुधा रंगापासून सुरुवात करतात. रंग शेवटी. आधी सगळी गाडी कच्चीच जोडायची, तशीच चालवून बघायची, काय घासतं, काय सैल होतं, कुठे ऑइल येतं ते शोधायचं, मग पुन्हा सुटी करून फ्रेम पावडर कोटिंगला द्यायची. देताना इंजिनची भोकं, कोनसेटच्या बैठका आणि अर्थिंगची जागा झाकून द्या. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही.