पोर नसताना डिस्ने वर्ल्डला निघालात? थांबा जरा

वय पस्तीस, नोकरी बरी, कर्ज आटोक्यात, मूल नाही, आणि तुम्ही म्हणे सुट्टीत फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला निघालात. ती जागा पोराबाळांची, बिनपोराच्या मोठ्यांचं तिथे काय काम, असं म्हणणारे बरेच आहेत, तेव्हा धाडस आहे हो तुमचं. निघायच्या आधी चार गोष्टी ऐकून घ्या.

पहिलं म्हणजे एक मूल सोबत घ्या. आपलं नसलं तर उसनं आणा, भाचा-पुतण्या कुणीही चालेल, कारण कडेवर पोर असलं की तुम्ही फॅमिली आणि नसलं की मोठं माणूस इथे काय करतंय. कुणीच देत नसेल तर नुसता स्ट्रोलर, म्हणजे बाबागाडी, ढकला, आत बॅग ठेवा आणि वरून ओढणी टाका, फक्त साइज बघून घ्या, २०१९ पासून ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब याच्यापेक्षा मोठा आत घेत नाहीत.

तिकिटावरून वाद घालू नका. दहा वर्षं पूर्ण झाली की डिस्नेच्या हिशोबात माणूस अॅडल्ट, म्हणजे पाचवीतला बंड्या आणि तुम्ही एकाच भावात. तीन वर्षांखालचं बाळ फुकट. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चाललाय अशी समजूत आहे, आणि ते बाळ तासभर रांगेत उभं राहून एकदाचा मिकी समोर आला की त्या माणसाएवढ्या उंदराला बघून असा टाहो फोडतं की विचारू नका. बाबा मोबाईल धरून ओरडतायत, हस ना रे, इकडे बघ, आणि आई त्याची मान मिकीकडे वळवतेय. तुम्ही मात्र मिकीसोबत हसत फोटो काढू नका, वाईट दिसतं.

स्पेस माउंटन नावाच्या रोलर कोस्टरवर बसायला उंची किमान ४४ इंच लागते, म्हणजे ज्यांच्यासाठी पार्क आहे म्हणतात त्यातली बरीच मंडळी बाहेरच. मग एक पालक पोराला धरून थांबतो, दुसरा राईड करून येतो, आणि मग पहिल्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही, तशी सोयच आहे तिथे. आईबाबांनी पोराला बाजूला ठेवून मजा मारायची अधिकृत व्यवस्था. त्याला पालकत्व म्हणतात, तुम्ही करता तो बालिशपणा.

२०१९ मध्ये तिकडे एका आईचा संताप बराच गाजला होता, पोराला प्रेत्झेल (पीळ घातलेला भाजका पाव) हवं होतं, रांग लांबलचक, आणि बिनपोराची माणसं बिनधास्त खातायत. तेव्हा प्रेत्झेल घ्यायचंच असेल तर मान खाली घालून, शक्यतो प्रसाधनगृहाच्या मागे खा. डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट पार्कमध्ये दरवर्षी फूड अँड वाईन फेस्टिव्हल असतो, तो अर्थातच बालगोपाळांसाठी असणार, तिकडे फिरकू नका. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचे की मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवून बाकावर नुसतं बसायचा कंटाळा आला, मोठ्यांनाही मजा येईल अशी जागा हवी असं वाटलं, त्यातून १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उभं राहिलं. हे रांगेत कुणाला ऐकवू नका, मार खाल. (आपल्याकडे जत्रेत आजोबा धोतर सावरत आकाशपाळण्यात बसतात तेव्हा नातू कुठाय असं कुणी विचारत नाही, पण ती जत्रा झाली.)

आणि रांगेत मराठी काकू भेटणारच. तुम्ही "अरे सरक ना पुढे" म्हणालात की त्यांचे कान टवकारलेच. "अगंबाई, मराठी का! मुलं कुठायत?" राईडवर गेलीत असं सांगू नका, कुठल्या राईडवर ते विचारतील. नाहीयेत म्हणालात तर आधी एक मोठा सुस्कारा, मग "होईल हो, सगळं वेळेवर होतं," मग ओळखीच्या डॉक्टरांचं नाव. ऐकून घ्या, मान हलवा. तेवढ्यात त्यांचे जावई येतील, लेक येईल, आणि काकूंचा चेहरा एकदम खुलेल.

"तुम्हाला काय, घाई नाही ना? मग हा स्ट्रोलर आणि या तीन पिशव्या जरा बघाल? आम्ही पटकन स्पेस माउंटन करून येतो. आणि हो, उठला तर बाटली बाजूच्या खिशात आहे."