मंदीत म्हणे सगळेच होरपळले!

तो फॉरवर्ड परत फिरतोय. कोविडच्या मंदीत कंपन्यापण आपल्याइतक्याच बुडाल्या, भाव वाढले ते कच्चा माल आणि लोकांचे पगार वाढले म्हणून, उगाच नफ्याच्या नावाने बोंबलू नका, असं त्यात आहे. पहिल्यांदा काकांनी पाठवला तेव्हा हात जोडून गप्प बसलो, पण आता तिसऱ्यांदा आलाय.

"कंपन्या बुडाल्या." काही बुडाल्या, खरंय. इंडिगोला 2020-21 मध्ये 5,806 कोटींचा तोटा झाला, विमानंच जमिनीवर होती. पण त्याच वर्षी देशाचा जीडीपी साधारण 6 टक्क्यांनी घसरला, महागाई सरासरी 6.2 टक्के राहिली आणि इंडियन ऑइलचा नफा 1,313 कोटींवरून थेट 21,836 कोटींवर गेला! आता ही सरकारी कंपनी, त्यात स्वस्तात घेतलेल्या साठ्याचा फायदा मोठा, आणि 2022 च्या एप्रिल-जूनमध्ये तीच तोट्यात गेली, सगळं मान्य. तरी एकाच नावेत होतो म्हणू नका.

बरं धंदा मंद असताना नफा आला कुठून? रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 टक्क्यांवर आला म्हणून कंपन्यांचं कर्ज स्वस्त झालं (आणि आमच्या आईच्या एफडीचं व्याज आटलं), प्रवास, ऑफिस, जाहिराती यांचा खर्च वाचला, आणि पगार कापले. माझा कापला तेव्हा एचआरच्या मेलमध्ये 'आपण एक फॅमिली आहोत' असं दोनदा होतं. वर कंपनी टॅक्स 30 वरून 22 टक्के, तोही कोविडच्या आधीच, 20 सप्टेंबर 2019 ला पणजीत जाहीर झालेला, वर्षाला 1.45 लाख कोटींवर पाणी सोडावं लागेल हा सरकारचाच अंदाज.

"कच्चा माल महागला." कधी महागला ते बघा ना. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा वायदा (पुढच्या डिलिव्हरीचा आधीच ठरवलेला भाव) शून्याच्याही खाली गेला होता. पंपावर आपल्याला काय मिळालं? मे महिन्यात पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये जादा एक्साइज. म्हणजे इथे मलई सरकारने खाल्ली, कंपन्यांनी नाही, तेही लिहायला पाहिजे. मुंबईत घरगुती सिलेंडर मे 2020 ला 579 रुपये होता, जुलै 2022 ला 1,052, आणि सबसिडी मधल्यामधे गुल. पुढे युक्रेन युद्धात क्रूड, खाद्यतेल खरंच भडकलं, तेव्हा पाच रुपयांचे पुडे बारीक झाले. तेल उतरल्यावर त्यातले किती परत जाड झाले ते तुमच्या वाण्याला विचारा.

"पगार वाढले" हा तर जोकच. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालात 33 हजारांहून जास्त कंपन्यांचे हिशोब बघून लिहिलंय की 2019-20 ते 2022-23 मध्ये त्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, भरती आणि पगार मात्र त्याच्या जवळपासही गेले नाहीत. आणि काका, हा अहवाल विरोधकांचा नाही हं, बजेटच्या आदल्या दिवशी सरकारनेच संसदेत ठेवलेला.