जावयाची बाटली

एक स्पष्टच बोलतो, पार्लेचं ते जुनं कोल्ड्रिंक गोल्ड स्पॉट, त्यात संत्रं नव्हतं. रंग होता, साखर होती, गॅस होता आणि संत्र्याचा नुसता वास. तरी दर उन्हाळ्यात आपल्या वयाची मंडळी त्या बाटलीचा फोटो टाकतात, खाली सगळे "आहाहा काय चव" लिहितात, मग कोणीतरी येऊन सांगतो की परदेशी कंपन्यांनी आपली देशी कोल्ड्रिंक्स मारली आणि गाडी स्वदेशीवर जाते. मला यातलं अर्धंच पटतं.

1977 ला कोका-कोला गेलं ते काय आपण प्यायचं सोडलं म्हणून नाही. फेरा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात परकीय भागीदारी 40 टक्क्यांवर आणा म्हणून सांगितलं, वर जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री, कंपनीने गाशा गुंडाळला. मग सरकारनेच मॉडर्न ब्रेडवाल्या कंपनीकडून डबल सेव्हन काढवलं (सरकारी कोल्ड्रिंक, विचार करा!), पार्लेच्या चौहानांनी थम्सअप आणलं, लिम्का 1971 पासून होतंच, आणि दिल्लीचे प्युअर ड्रिंक्सवाले जे आधी कोकच भरून विकायचे त्यांनी कॅम्पा कोला काढलं. 1990 मध्ये लेहर पेप्सी नावाने पेप्सी येईपर्यंत मैदान मोकळं. म्हणजे आपलं अख्खं बालपण त्या बंद दाराआड गेलं. जे मिळत होतं ते प्यायलो, त्यात देशभक्ती कमी आणि नाइलाज जास्त.

पण त्या बाटलीवर जीव होता हे मात्र खरं. आणि तो का होता तर ती बाटली आपल्यासाठी नव्हतीच मुळी, ती पाहुण्यांसाठी होती.

बडोद्यात दांडिया बाजारात वाढलेल्यांना हे सांगायला नको. कोणाला काय द्यायचं ते ठरलेलं असायचं. शेजारच्या काकू आल्या तर चहा, विम्याचा हप्ता न्यायला येणाऱ्या काकांना लिंबाचं सरबत, पुण्याहून सुट्टीला आलेल्या मामे-मावसभावंडांना रसना, आणि जावई किंवा मुलगी बघायला आलेली मंडळी असली तरच बाटली. आई स्वयंपाकघराच्या दारातून नुसती मान हलवायची, की मी पिशवीत रिकाम्या बाटल्या घालून गल्ल्यावर, म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीवर, पळत. रिकाम्या बाटल्या नेल्या नाहीत तर डिपॉझिट, आणि डिपॉझिटचे पैसे कोण देणार, त्यामुळे खाटेखाली दोन-तीन बाटल्या कायम धुऊन ठेवलेल्या. गल्लेवाले काका कोपरापर्यंत हात बर्फाच्या पेटीत घालायचे, वरची नव्हे, तळातली बाटली काढून द्यायचे, कारण "जमाई आव्या छे" हे त्यांना न सांगता कळायचं. अख्ख्या गल्लीलाच कळायचं म्हणा.

घरी ओपनर कुठला, दाराच्या कडीत अडकवून झाकण उडवायचं. मग ते फुलाफुलांचे काचेचे ग्लास, एका बाटलीचे दोन, फेस खाली बसेपर्यंत थांबून पुन्हा थोडं थोडं ओतून दोन्ही सारखे दिसले पाहिजेत, नाहीतर एखाद्याचा मान कमी व्हायचा. पाहुणेही वस्ताद, ग्लास रिकामा करणं असभ्य म्हणून तळाला थोडं ठेवायचे. आम्ही पडद्यामागे उभे. ते उठले रे उठले की ग्लास आमचे. आता जे लोक चवीच्या नावाने उसासे टाकतात त्यांच्यातल्या निम्म्यांची चव ही आहे, कोमट, गॅस उडालेले दोन घोट, आणि काचेला आत्याबाईंची लिपस्टिक.

झाकण आमच्या हक्काचं होतं पण. मध्यंतरी गोल्ड स्पॉटच्या झाकणाच्या आत जंगल बुकची चित्रं यायची, ती नखाने सोलून काढायची आणि उरलेलं झाकण दगडाने ठेचून, दोन भोकं पाडून, दोरा ओवून भिंगरी. बोटं कापायची, कोणी विचारायचं नाही.

रसनाचं वेगळं. ते अहमदाबादचं, खंबाटांचं, आणि पाच रुपयात 32 ग्लास असं जाहिरातीतच असायचं. आई सगळी साखर सांगितल्याप्रमाणे घालायची पण पाक जरा पातळ ठेवायची, त्यामुळे आमच्याकडे 32 वर कधी थांबलं नाही. मलमलच्या फडक्यातून गाळून स्क्वॉशच्या जुन्या बाटलीत भरायचं, बाटली पाण्याच्या ताटलीत उभी, मुंग्यांसाठी. तो रंग जिभेवर संध्याकाळपर्यंत राहायचा. याची आठवण कोणी इतक्या गळा काढून सांगत नाही, का तर ते आपल्याला भरपूर मिळालं.

पुढचं माहीतच आहे. 1993 मध्ये कोक आग्र्यातून परत आलं, चौहानांनी आपले ब्रँड त्यांनाच विकले, फँटासाठी गोल्ड स्पॉट गेलं, स्प्राइटसाठी सिट्रा गेलं, थम्सअप तेवढं पुरून उरलं. विकणारे आपलेच होते हे विसरू नका. आणि तोवर घरोघरी फ्रिज आले होते, मग दीड-दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि जावयाला काय द्यायचं हा प्रश्नच मिटला. आता आमचा जावई येतो तो म्हणतो, "बाबा, मी शुगर घेत नाही."

मला राग कशाचा येतो सांगू? सोस्योचा. म्हणजे सोस्योवर नाही, आपल्यावर. सुरतेच्या हजुरींनी 1923 मध्ये, स्वदेशीच्या त्या काळात काढलेलं पेय, बडोद्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर तयार होणारं, द्राक्ष-सफरचंदाच्या जवळ जाणारी चव, कोणी आलं-गेलं तरी ते इथेच होतं. आणि आपण ते कधी जावयापुढे ठेवलं का? नाही. "ते काय, सुरतेचं सोडावॉटर." इथलंच म्हणून त्याला मान नव्हता. मुंबई-दिल्लीची बाटली ती भारी. आज तेच लोक फोटो टाकून स्वदेशी शिकवतात.

2022 ला रिलायन्सने कॅम्पा घेतलं, 2023 च्या जानेवारीत सोस्योमध्ये अर्धी भागीदारी घेतली. कॅम्पा दहा रुपयाला आलं तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस "ती मजा नाही, ती मजा नाही" चाललं होतं. अरे कशी असेल, अख्खी बाटली एकट्याने पिताय तुम्ही, तीही स्वतःच्या पैशाने!

असो. बडोद्यात रावपुऱ्यात किंवा मांडवीकडे काचेच्या बाटलीतलं थंड सोस्यो अजून कुठे मिळत असेल तर पत्ता टाका. फोटो नको, पत्ता.