पहिल्या ओळीत काहीच नाही

आमच्याकडे कापूस जिनिंगला न्यायचा तर आधी ऑनलाइन नोंद लागते. ती साइट बनवणारा पोट्टा पुण्याला नोकरीला गेला. यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात लॅपटॉप माझ्याकडे, म्हणून साइटचा वारसही मीच.

शेजारच्या काकांनी वीस क्विंटलची नोंद केली. बटण दाबताच पांढरं पान. त्यांनी रिफ्रेश केलं. ब्राउझरनं विचारलं, माहिती पुन्हा पाठवू का? काका कोणालाच नाही म्हणत नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावावर शंभर क्विंटल झाले.

नोंद झाली की सर्व्हरनं ब्राउझरला पावतीच्या पानाचा पत्ता द्यायचा असतो. मग कितीही रिफ्रेश करा, पावतीच येते. हे सांगताना मी बोलून गेलो, "साइट ज्या पीएचपी भाषेत लिहिली, ती त्यासाठी ३०२ लावते."

"काऊन रे, मी कोणाचा मुडदा पाडला?"

खुनाचं कलम १ जुलै २०२४ पासून १०३ झालं, हे सांगितल्यावर काका जरा सैल झाले. ब्राउझरच्या जगात ३०२ म्हणजे फक्त 'तिकडे जा'. शिस्तीत लिहायचं तर ३०३, पण तोवर काका तंबाखू मळू लागले होते.

गोम अशी की हा पत्ता हेडरमधून, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचनांमधून जातो आणि हेडर पानाच्या आधी निघावा लागतो. पानातला एक बाइट जरी पुढे सटकला, तरी संपलं. ताटात वरण पडल्यावर 'पंगत पलीकडच्या मांडवात आहे' म्हटलं तर कोण उठेल? वऱ्हाडात तर कोणीच नाही.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, तक्रार होती: हेडर आधीच गेले, सुरुवात पहिल्या ओळीत. पहिल्या ओळीत काहीच नव्हतं! मी डोळे फाडून पाहत होतो. काका कोणाला तरी फोनवर म्हणाले, "नसलेली चीज धुंडून रायला तो."

चीज होती. जिनिंगच्या काउंटरवर विंडोज ७ आहे. तिथं कोणी तरी नोटपॅडमध्ये फाइल उघडून भाव बदलला होता. ते जुनं नोटपॅड यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) फाइलच्या डोक्यावर तीन अदृश्य बाइट ठेवतं. त्यांना बीओएम म्हणतात. बीओएम काढला, पत्त्याखाली एक्झिट, म्हणजे 'इथंच थांब', लिहिलं (नाही तर ब्राउझर निघून गेला तरी स्क्रिप्ट खालचं सगळं उरकत बसते), आणि पावती आली.

मग काकांच्या ज्यादा नोंदी पुसायला घेतल्या. त्यांनी माझा हात धरला.

"आजच्या दिवस राहू दे नं बाप्पा. जल्मात एवढा कापूस झाला नाही मले."