'माणुसकी मेली' म्हणण्याआधी

रस्त्यावर कुणीतरी रक्तबंबाळ पडलंय, भोवती ही गर्दी, आणि हात कुणीच लावत नाही. असा व्हिडिओ आला की खालची कमेंट ठरलेली: 'माणुसकी मेली.' मला या वाक्याचा राग येतो. ते म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढचा जखमी तसाच पडून राहतो.

13 मार्च 1964 ला न्यूयॉर्कच्या क्यू गार्डन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा भोसकून खून झाला. 38 शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि हल्ला चालू असताना कुणीही पोलिसांना कळवलं नाही, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. शहरातल्या माणसांचं काळीज दगडाचं झालंय, असं जो तो म्हणू लागला. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांना मात्र वेगळीच शंका आली. इतके जण होते, म्हणूनच कुणी हललं नसेल तर?

1968 साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते. मध्येच एकाला फिट आल्यासारखा आवाज येतो, तो अडखळतो, गुदमरतो, मदत मागतो. (हा आवाज आधीच रेकॉर्ड केलेला होता.) आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटलं, त्यांच्यातल्या 85 टक्के जणांनी आवाज बंद पडायच्या आत धाव घेतली. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा हे प्रमाण 31 टक्क्यांवर आलं.

पण या प्रयोगातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. जे उठले नाहीत, ते निवांत बसलेले नव्हते. संशोधक खोलीत गेले तेव्हा अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. 'तो बरा आहे ना?' असं तेच विचारत होते. म्हणजे कळवळा होता. तरीही पाय उचलला गेला नाही, कारण, संशोधकांच्या मते, इतरही ऐकताहेत म्हटल्यावर जबाबदारी वाटली गेली होती. अशा माणसाला दगड म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

1973 चा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा प्रयोग तर जिव्हारी लागतो. धर्मगुरू व्हायला निघालेले विद्यार्थी, वाटेत दारापाशी कण्हत पडलेला माणूस. वेळ हाताशी होता त्यांच्यातले 63 टक्के थांबले, 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. काही जण तर संकटातल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याच्या बायबलमधल्या कथेवरच भाषण द्यायला निघाले होते. त्यानेही फारसा फरक पडला नाही.

किटीच्या बातमीतला 38 चा आकडाही फुगवलेला होता, हे पुढे उघड झालं. एक शेजारीण तर जिना उतरून तिच्याजवळ गेली होती. आणि तेव्हा 911 हा मदतीचा क्रमांक सुरूच झालेला नव्हता!

आपल्याकडच्या गर्दीच्या मनात तर आणखी एक भीती असते: पोलीस, साक्ष, कोर्टाच्या खेपा. ती अनुभवातून आलीय. म्हणून 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक टोलनाक्यावर, पेट्रोल पंपावर, एसटी स्टँडवर हे मोठ्या अक्षरांत लागलं पाहिजे. माणुसकीवरच्या शंभर पोस्टपेक्षा तो एक फलक जास्त जीव वाचवेल, असं मला मनापासून वाटतं.

आणि कधी अशा गर्दीत सापडलात, तर 'अरे कुणीतरी फोन करा' असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा: 'निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही 108 ला फोन लावा. ताई, तुम्ही गाड्या थांबवा.'