घर तुमचंच आहे, तरीही ते कुलूप काढा

दादा, नमस्कार.

भाडेकरूचं पाणी-वीज तोडण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही चिडून प्रतिक्रिया दिलीत. तुमच्या बाबतीत घडलंयही चिडण्यासारखंच. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. सांगलीत विश्रामबागेत आईंच्या नावावर घर आहे. वरचा मजला महिना ६,००० रुपयांनी दिला होता. नोटरीकडे केलेला अकरा महिन्यांचा करार संपला, तेव्हापासून भाडंही नाही आणि माणसं हलतही नाहीत. ती गावी गेल्याचं बघून तुम्ही वरच्या दाराला आपलं कुलूप घातलंत. आणि विचारलंत, "घर आमचं, मुदत संपलेली, मग ताई, यात बेकायदा काय? तुम्ही वकील भाडेकरूंचीच तळी उचलता."

कुलूप बेकायदाच आहे. मुदत संपल्यावर घर परत मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण ताबा घ्यायचा तो कायद्याच्या रस्त्याने. त्यांचं सामान आत आहे, म्हणजे ताबा अजून त्यांचाच. स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ प्रमाणे ते सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतात, आणि त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्नच येत नाही. तुमचा सात-बारा, प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या सगळं खरं असूनही तिथे उपयोगाचं नाही. त्यात उद्या ते म्हणाले की आत कपाटात दोन तोळे सोनं होतं, तर नव्हतं हे तुम्ही कसं दाखवणार? अशा तक्रारीपायी भाड्याचा वाद पोलीस ठाण्यात गेलेला मी पाहिला आहे. त्यात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. तुमच्या बाबतीत तर घर आईंच्या नावावर आहे, म्हणजे नोटीसही त्यांच्याच नावाने येणार.

आता कायदा कोणाचा, हा मुद्दा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ३१ मार्च २०००पासून लागू आहे. त्याचं कलम २४ खास तुमच्यासारख्यांसाठी आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती वापरायची परवानगी म्हणून, दिलेल्या जागेची मुदत संपली की मालकाने दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसायचं कारण नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यावर समोरच्याला ३० दिवसांत बचाव करायची परवानगी मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा धरला जातो. आणि मुदतीनंतर जितके दिवस ते राहिले, तितक्या दिवसांची भरपाई करारातल्या रकमेच्या दुप्पट दराने. म्हणजे तुमच्या हिशेबात महिना १२,०००. भाडेकरूंच्याच बाजूच्या कायद्यात हे कलम आलं असतं का?

तुमची खरी अडचण त्या नोटरीच्या कागदात आहे. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय: अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही. नोंदणी कायद्यात एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यातून हे आलंय. पण १९९९च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखीही हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. तुमचे वरचे लोक उद्या म्हणतील, "आम्ही लायसन्सवर नाही, साधे भाडेकरू आहोत, भाडं ठरलं होतं ४,०००," की तुमचा सोपा रस्ता अवघड झालाच म्हणून समजा.

हे टाळायला किती खर्च आला असता ते सांगते, कारण "नोंदणीला फार पैसे जातात" असंही तुम्ही लिहिलंय. ६,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे ६६,००० होतात. अनामत २५,००० धरा, तिच्यावर वर्षाला दहा टक्के व्याज मोजतात, ते अडीच हजार. एकूण रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन अंगठे घेतो, आधारवर काम होतं, त्याचे पैसे वेगळे. सगळं मिळून तुमच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा बरंच कमी. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात घरांत शिरलं तेव्हा लोखंडी पेटीत जपलेले नोटरीचे करार लगदा होऊन बाहेर आले. नोंदवलेल्या कराराची नक्कल मात्र दुय्यम निबंधकाकडून पुन्हा काढता येते.

एका बाबतीत तुमचा राग मला पूर्ण पटतो: जुन्या वाड्यांचा. तुमच्या मामांच्या वाड्यात आजही महिना ६० रुपये भाडं येतं, असं तुम्ही लिहिलंत. कलम ११ प्रमाणे मालकाला वर्षाला चार टक्के वाढ करता येते. ६० रुपयांवर ती होते दोन रुपये चाळीस पैसे. दुसरीकडे कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच. त्या पैशांत एक तुळईसुद्धा बदलता येत नाही. हा अन्यायच आहे आणि तो कायदेमंडळानेच दूर करायला हवा. पण मामांना आजही काही दारं उघडी आहेत. भाडेकरूने सबळ कारण नसताना सहा महिने जागा वापरली नसेल, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवला असेल, किंवा मामांना स्वतःला जागेची खरी आणि वाजवी गरज असेल, तर कलम १६ खाली दावा चालतो. गरजेच्या दाव्यात जास्त हाल कोणाचे होतील, तेही कोर्ट तोलून बघतं. म्हणून मामांनी शेजारी, वीजबिलं, बंद दाराचे फोटो असा पुरावा आतापासून गोळा करावा.

वरच्यांचं पाणी तोडू का, असंही तुम्ही विचारलंत. नका तोडू. ते भाडेकरू आहेत असं ठरलं, आणि तुमचा करार नोंदवलेला नसल्यामुळे ते तसं म्हणणारच, तर कलम २९ लागतं. पाणी, वीज यांसारख्या सोयी योग्य कारणाशिवाय बंद केल्या तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थकबाकी बुडवणाऱ्या माणसाला तुमच्याविरुद्ध तक्रार करायची संधी तुम्हीच कशाला देताय?

आज काय करायचं ते ऐका. वरच्यांना फोन करा आणि मेसेजही पाठवा की कुलूप काढतोय, या. ते येतील तेव्हा दोन शेजाऱ्यांना बोलवा, त्यांच्यादेखत कुलूप काढा, आत जसं आहे तसे फोटो घ्या आणि एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. मग आईंच्या नावाने पोच मिळेल अशा टपालाने नोटीस पाठवा: मुदत कधी संपली, किती भाडं थकलं, अनामत किती जमा आहे, जागा कधीपर्यंत हवी. भाडं बँकेत येत होतं तर ती पानं काढून ठेवा, नोटरीचा मूळ कागद जपा. नोंदणी नसली तरी अटी काय होत्या हे सिद्ध करायला तुमच्याकडे तेवढंच आहे. ते बोलायला तयार झाले तर थकलेल्या रकमेतली थोडी सोडून तारीख लिहून घेणं दाव्यापेक्षा स्वस्त पडतं, हे मी मालकांनाही नेहमी सांगते. नोटिशीचा मसुदा नाव-पत्ते काढून इथे टाकलात तर मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.