‘पाठीतलं पाणी काढू देऊ नका’ या मेसेजला उत्तर

ऐरोली-घणसोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: मेंदूज्वराच्या पेशंटच्या पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) तपासणीला काढू देऊ नका. सुई मज्जारज्जूत जाते, पाय लुळे पडतात, गेलेलं पाणी परत भरत नाही आणि एमआरआयमध्ये सगळं दिसतंच.

आधी सुईचं बघू. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई टोचतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. पेशंटला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात ते ही फट उघडावी म्हणून. मेंदूची बाहेरची दोन आवरणं, दृढतानिका आणि जालतानिका, पिशवीसारखी इथपर्यंत उतरलेली असतात. आत पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या नसांच्या दोऱ्या. सुई आली की त्या बहुधा बाजूला सरकतात. एखादीला लागलीच, तर पायात क्षणभर करंट बसल्यासारखं होतं. सिझेरियनला कमरेतून भूल देतात तीही इथूनच. तेवढं घरातल्या बायकांना विचारून मग मेसेज पुढे ढकलावा! पाय लुळे पडलेले पेशंट दिसतात हे खरं, पण क्षयाचा मेंदूज्वर मज्जारज्जूभोवतीची आवरणंही चिकटवून टाकतो. दोष आजाराचा, आळ सुईवर.

पाणी भरत नाही? अंगात ते एका वेळी सुमारे 150 मिली असतं आणि दिवसाला सुमारे 500 मिली नवं तयार होतं. तपासणीला घेतलेलं 10 मिली अर्ध्या तासात भरून निघतं.

एमआरआयमध्ये आवरणं सुजलेली दिसतील, जंतू कुठला ते कळणार नाही. आणि औषध त्यावरच ठरतं: पू करणाऱ्या जंतूंना साधारण 10 ते 14 दिवस, क्षयाला किमान 9 महिने. म्हणून पाण्यातल्या पेशी, प्रोटीन, साखर बघतात, सीबीनॅट (क्षयाचा जंतू जनुकांवरून ओळखणारी तपासणी) करतात. साखरेचा अर्थ लावायला त्याच वेळची रक्तातली साखर लागते. बाटल्या नातेवाइकांच्या हाती दिल्या, तर त्या बर्फात ठेवू नयेत, वाटेत कुठे थांबूही नये. थंडीने काही जंतू मरतात, उशिराने पेशी फुटतात, आणि रिपोर्ट फसवा येतो.

धोके आहेत, पण ते मेसेजमध्ये नाहीत. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की उतरतं; सुईच्या भोकातून पाणी झिरपत असतं. बारीक, बोथट टोकाच्या सुईने हे कमी होतं. प्लेटलेट फार कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगा. शुद्ध हरपत असेल, नव्याने फिट आली असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तर आधी सीटी. मेंदूत गाठ किंवा सूज असताना खालून पाणी काढलं, तर मेंदू खाली सरकू शकतो. मात्र सीटीसाठी अँटिबायोटिकचा पहिला डोस थांबवायचा नसतो. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्यासाठीचा नमुना) घेऊन तो लगेच देतात.